आगीची खूण जपणारा चित्रकार : ईव्ह क्लाइन

चित्रकाराला आगीचे भय असते. कॅनव्हास, लाकडी चौकट, जवसाचे तेल, टर्पेंटाइन, कागद यांपैकी प्रत्येक वस्तू पेट घेणारी. एक ठिणगी आयुष्यभराची मेहनत घटकाभरात राखेला मिळवू शकते. धूर आणि उष्णता यांपासून चित्रे वाचविण्यासाठी जगभरातील संग्रहालये मोठी यंत्रणा राबवितात. चित्रकलेच्या या जन्मजात वैऱ्यालाच फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन याने १९६१ साली चित्र काढण्याच्या कामाला लावले. ज्वाला, धूर, वाफ आणि पाणी यांच्याकडून त्याने जी अग्निचित्रे करवून घेतली, ती विसाव्या शतकातील अमूर्त कलेचा एक विलक्षण अध्याय ठरली आहेत.

क्लाइनला अवघे ३४ वर्षांचे आयुष्य लाभले. त्याचे नाव घेताच कलारसिकांना प्रथम आठवतो तो त्याचा गडद, खोल निळा रंग. त्या निळाईच्या प्रभेत त्याची अग्निचित्रे काहीशी झाकोळली गेली. काहींनी त्यांना तमाशा म्हणून मोडीत काढले. क्लाइनच्या वृत्तीत नाटकीपणाचा अंश होता हे खरे. परंतु आगीपुढे उभा राहणारा क्लाइन हा केवळ प्रसिद्धीलोलुप खेळिया नव्हता. त्यामागे शिस्त होती, तंत्र होते आणि एक जुना प्रश्न होता : निसर्गाचे चित्र काढण्याऐवजी निसर्गालाच चित्र काढू दिले तर चित्रकाराच्या वाट्याला काय उरते?

आकाशाचा वाटेकरी

ईव्ह क्लाइनचा जन्म २८ एप्रिल १९२८ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरात झाला. वडील फ्रेड क्लाइन आणि आई मारी रेमों हे दोघेही चित्रकार. वडिलांची चित्रे आकृतिप्रधान, तर आई अमूर्त चित्रकलेतील मान्यवर. घरात दोन परस्परविरोधी परंपरा नांदत होत्या. मात्र घर स्थिर नव्हते. आईवडिलांचा ओढा पॅरिसकडे असल्याने ईव्हच्या बालपणाचा बराचसा काळ नीसमध्ये मावशी रोझ हिच्या छत्राखाली गेला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने कधी घेतले नाही.

विशीच्या उंबरठ्यावर असताना आर्मान आणि क्लोद पास्काल हे दोन मित्र त्याला लाभले. नीसच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून या तिघांनी एकदा जगाची वाटणी केली, असे सांगितले जाते. क्लाइनने आपल्या वाट्याला आकाश घेतले आणि मनोमन त्यावर आपली स्वाक्षरी केली. पोरवयातील ही कल्पना त्याने आयुष्यभर गंभीरपणे घेतली. पंचमहाभूतांपैकी जे हातात धरता येत नाही, तेच त्याला हवेसे वाटत राहिले. याच सुमारास रोझिक्रुशियन पंथाचे गूढवादी वाङ्मय त्याच्या वाचनात आले. जड पदार्थाचे युग मागे पडून चैतन्याचे युग येणार, या विचाराने त्याच्या मनाची पकड घेतली.

ज्युदोची दीक्षा

या तिन्ही मित्रांना जोडणारा आणखी एक धागा म्हणजे ज्युदो. क्लाइनने १९४७ साली ज्युदोचे शिक्षण सुरू केले आणि या विद्येचा ध्यास घेतला. १९५२ साली तो थेट जपानला गेला. टोकिओतील कोदोकान ही ज्युदोची सर्वोच्च संस्था. तेथे सुमारे सव्वा वर्ष कठोर सराव करून त्याने चौथ्या डान श्रेणीचा काळा पट्टा मिळविला. युरोपीय माणसाने त्या काळी ही श्रेणी गाठणे दुर्मिळ होते. १९५४ साली मायदेशी परतल्यावर त्याने ज्युदोच्या मूलतत्त्वांवर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. मात्र फ्रान्सच्या ज्युदो महासंघाने त्याच्या जपानी श्रेणीला मान्यता नाकारली. ज्युदोच्या क्षेत्रात अधिकारपद मिळविण्याचे त्याचे स्वप्न भंगले आणि तो चित्रकलेकडे वळला.

ही पार्श्वभूमी क्लाइनची चित्रे समजून घेण्यास महत्त्वाची आहे. ज्युदोपटू प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने उत्तर देत नाही. समोरच्याचा आवेग ओळखून, त्याला योग्य क्षणी योग्य दिशा देऊन तो त्याला जमिनीवर आणतो. शक्ती समोरच्याची असते, नियोजन आपले. पुढे वारा, पाऊस आणि अखेरीस आग यांच्याशी क्लाइनने जो व्यवहार केला, त्याचे व्याकरण बहुधा कोदोकानच्या चटईवरच त्याच्या अंगी भिनले असावे.

एका रंगाचा हट्ट

१९५५ साली पॅरिसमधील अमूर्त कलेला वाहिलेल्या एका प्रतिष्ठित वार्षिक प्रदर्शनासाठी क्लाइनने एक नारिंगी चित्र पाठविले. संपूर्ण पृष्ठभागावर एकच रंग. संयोजकांनी ते नाकारले. किमान दुसरा एखादा रंग, एखादी रेषा किंवा ठिपका तरी हवा, अशी त्यांची अपेक्षा होती. क्लाइनने ती मानली नाही. रेषा आली की रंग तिच्या तुरुंगात जातो, अशी त्याची धारणा होती.

त्यानंतर त्याने अनेक रंगांतून एकच निवडला, तो निळा. रंगाची कोरडी पूड जितकी तेजस्वी दिसते तितकी ती तेलात कालवल्यावर राहत नाही, हा चित्रकारांचा नेहमीचा अनुभव. पॅरिसच्या माँपार्नास भागातील रंगविक्रेते एद्वार आदाम यांच्या मदतीने क्लाइनने त्यावर उपाय शोधला. एका कृत्रिम राळेच्या पातळ द्रावणात निळी पूड मिसळली की द्रावक उडून जाई आणि पुडीचे मूळ मखमली तेज कायम राही. या मिश्रणाची नोंद त्याने मे १९६० मध्ये फ्रान्सच्या औद्योगिक मालमत्ता कार्यालयात मोहोरबंद लिफाफ्याद्वारे केली. हे पेटंट असल्याचा समज रूढ आहे; प्रत्यक्षात शोधाची तारीख सिद्ध करणारी ती साधी नोंद होती. जानेवारी १९५७ मध्ये मिलानच्या अपोलिनेर गॅलरीत त्याने एकाच आकाराची ११ निळी चित्रे मांडली. इटलीचे विख्यात कलावंत लुचिओ फोंताना यांनी त्यातील एक विकत घेतले आणि क्लाइनचे नाव युरोपभर झाले.

एका मिनिटाचे चित्र

याच वर्षी क्लाइनच्या कलेत आगीने प्रथम पाऊल टाकले. मे १९५७ मध्ये पॅरिसमधील कोलेत आलँदी यांच्या गॅलरीच्या बागेत त्याने निळा रंग दिलेला एक फलक उभा केला. त्यावर शोभेच्या दारूतील १६ निळ्या चंद्रज्योती ओळीने बसविल्या होत्या. फ्रेंच भाषेत या चंद्रज्योतींना बंगालच्या नावाने ओळखतात. त्या पेटविल्यावर सुमारे एक मिनिटभर निळा प्रकाश पसरला, धूर झाला आणि सारे विझले. तो एक मिनिट म्हणजेच चित्र, असे क्लाइनचे म्हणणे. फलकावर नंतर उरली ती जळाल्याची खूण. ही खूण आपल्याला पुढे कोठे नेणार आहे, याची त्याला तेव्हा कल्पना नसावी.

वर्षभरानंतर, २८ एप्रिल १९५८ रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी त्याने इरिस क्लेर यांच्या पॅरिसमधील चिमुकल्या गॅलरीत काहीच मांडले नाही. आतील सामान हलवून भिंती पांढऱ्या रंगविल्या आणि ती पोकळीच प्रदर्शनात ठेवली. ती पाहण्यासाठी रस्त्यावर झुंबड उडाली. आल्बेर काम्यूसारख्या लेखकानेही तेथे हजेरी लावली. कुणाला ही कलेची थट्टा वाटली, तर कुणाला कलेची मुक्ती. क्लाइनच्या दृष्टीने रंगापासून पोकळीपर्यंतचा प्रवास अगदी तर्कशुद्ध होता. पोकळी भरली ती वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी, ही गोष्ट निराळी.

वारा, पाऊस आणि मोटारीचे टप

जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन येथील नव्या नाट्यगृहासाठी क्लाइनने प्रचंड आकाराची निळी भित्तिशिल्पे केली. १९५९ च्या अखेरीस या वास्तूचे उद्घाटन झाले. तेथे वास्तुरचनाकार वेर्नर रूनाव यांच्यासमवेत त्याने एक अद्भुत योजना रेखाटली. हवेच्या झोताचे छत, पाण्याची कारंजी, आगीची कारंजी आणि ज्वालांच्या भिंती असलेल्या नगराची ही कल्पना होती. फ्रेंच तत्त्वचिंतक गास्ताँ बाशलार यांनी अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी यांच्याशी मानवी कल्पनाशक्तीचे नाते उलगडणारे ग्रंथ लिहिले होते. क्लाइन त्यांचा निष्ठावान वाचक बनला.

१९६० साली त्याने हे विचार कृतीत आणले. ओल्या रंगाचा कॅनव्हास मोटारीच्या टपावर बांधून तो पॅरिसहून नीसला निघाला. वाटेतील वारा, ऊन, पाऊस आणि धूळ यांनी त्यावर जे उमटविले, तेच चित्र. नदीकाठच्या बोरूंचे ठसे त्याने घेतले, पावसाच्या सरींना रंगावर पडू दिले. या मालिकेला त्याने विश्वोत्पत्तीचे नाव दिले. निसर्गदृश्ये रंगविणाऱ्या चित्रकारांनी शतकानुशतके पाऊस दाखविला. येथे पावसाने स्वतःच स्वतःला दाखविले.

याच वर्षी मार्च महिन्यात पॅरिसमधील निमंत्रितांसमोर त्याने निळ्या रंगाने माखलेल्या विवस्त्र मॉडेल्सच्या देहाचे ठसे कागदावर उमटवून घेतले. वादक एकच स्वर वीस मिनिटे वाजवीत होते आणि नंतर तितकाच वेळ शांतता होती. क्लाइन स्वतः औपचारिक पोशाखात, रंगाला हातही न लावता सूचना देत होता. स्त्रीदेहाला जिवंत कुंचला ठरविणाऱ्या या प्रयोगावर पुढील काळात कठोर टीका झाली. देह स्त्रियांचा आणि स्वाक्षरी मात्र पुरुषाची, हा आक्षेप बिनतोड आहे. क्लाइनचे मोठेपण मान्य करतानाही त्याकडे कानाडोळा करता येत नाही.

क्रेफेल्डची बाग

अग्निचित्रांचा खरा आरंभ झाला तो जर्मनीतील क्रेफेल्ड येथे. मीस व्हान डेर रोह या श्रेष्ठ वास्तुरचनाकाराने बांधलेल्या हाउस लांगे या वास्तूत तेथील संग्रहालयाचे संचालक पाउल वेम्बर यांनी जानेवारी १९६१ मध्ये क्लाइनचे मोठे प्रदर्शन भरविले. संग्रहालयाने त्याच्या हयातीत भरविलेले हे त्याचे एकमेव मोठे एकल प्रदर्शन. एकरंगी चित्रे आणि अग्नी असाच त्याचा विषय होता. बर्फाळ हिवाळ्यात संग्रहालयाच्या बागेत जमिनीतून उसळणारे ज्वालेचे कारंजे उभे राहिले. शेजारी ५० गॅस बर्नरची एक भिंत होती. प्रत्येक बर्नरच्या मुखाशी फुलासारखी निळी ज्योत.

२६ फेब्रुवारीला प्रदर्शनाची सांगता झाली. त्या दिवशी क्लाइनने जाड कागद या ज्वालांसमोर धरले. ज्योतींनी कागदावर आपली वर्तुळे उमटविली : मध्ये करपलेला काळा ठिपका, भोवती तपकिरी वलय, त्याबाहेर विरत जाणारी पिवळसर झाक. चार वर्षांपूर्वीची ती जळाल्याची खूण आता योगायोग राहिली नव्हती.

याच महिन्यात त्याने इटलीतील काशा येथे संत रीटाच्या मठात एक पारदर्शक पेटी गुपचूप अर्पण केली. तिच्यात निळी आणि गुलाबी पूड व सोने होते. ज्योतीच्या अंतरंगात आपल्याला हेच तीन रंग दिसतात, असे तो मानीत असे. ही पेटी अनेक वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशात आली. प्रसिद्धीच्या झोतात वावरणाऱ्या माणसाची ही निःशब्द श्रद्धा त्याच्यावरील ढोंगाच्या आरोपाला परस्पर उत्तर देऊन जाते.

ज्वालेचे तंत्र

जुलै १९६१ मध्ये क्लाइनला फ्रान्सच्या सरकारी गॅस कंपनीचे पॅरिसजवळील चाचणी केंद्र वापरावयास मिळाले. येथील बर्नर औद्योगिक क्षमतेचे होते. ज्वालाक्षेपकासारखे अवजड साधन दोन्ही हातांनी पेलून क्लाइन उभ्या फलकांवर ज्वाला फिरवीत असे. शेजारी अग्निशामक दलाचा गणवेशधारी जवान पाण्याची नळी घेऊन सज्ज असे. त्या सत्रांचे चित्रीकरण झाले असून, सूट परिधान केलेला क्लाइन आणि शिरस्त्राण घातलेला जवान ही जोडी त्यात पाहावयास मिळते.

साधा कागद या ज्वालेपुढे क्षणात भस्म झाला असता. म्हणून क्लाइनने सहजी पेट न घेणारा, दाबून तयार केलेला जाड स्वीडिश पुठ्ठा वापरला. पुठ्ठ्यातील तंतू तापले की आधी त्यातील ओलावा जातो, मग तो पिवळा, तपकिरी आणि शेवटी कोळशासारखा काळा होतो. त्या प्रत्येक पायरीत काही क्षणांचे अंतर असते. ज्वाला किती जवळ आणावी, किती वेळ ठेवावी, केव्हा फिरवावी यावर छटा ठरे. जेथे ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही तेथे काजळी धरते आणि धुराची मऊ सावली उमटते. जवानाने पाणी मारलेला भाग उशिरा तापत असल्याने उजळ राही. ओघळलेल्या पाण्याचे मार्गही पुठ्ठ्यावर टिकत. काही चित्रांत ओल्या अंगाच्या मॉडेल्सनी पुठ्ठ्यावर देह टेकविला आणि त्या बाजूला झाल्यावर क्लाइनने ज्वाला फिरविली. ओली जागा होरपळण्यापासून वाचली आणि भोवतालच्या तपकिरी अंधारात देहाची धूसर आकृती शिल्लक राहिली.

येथे ज्युदोची आठवण होते. आगीला मोकळे सोडले तर राख उरते आणि पुरती बांधून ठेवली तर काहीच उमटत नाही. या दोहोंमधील अरुंद पट्टीत क्लाइनने काम केले. आकार ज्वालेचा, छटा काजळीची, ओघळ पाण्याचे. परंतु कोठे थांबायचे हा निर्णय त्याचा. एक क्षण अधिक झाला तर पुठ्ठ्याला भोक पडे. चित्रकाराच्या वाट्याला काय उरते, या प्रश्नाचे उत्तर या थांबण्यात आहे.

आगीचा वापर करणारा क्लाइन हा पहिला चित्रकार नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. वोल्फगांग पालेन या अतिवास्तववादी चित्रकाराने १९३० च्या दशकातच मेणबत्तीच्या धुराने कॅनव्हासवर आकार उमटविले होते. इटलीच्या आल्बेर्तो बुर्री यांनी १९५० च्या दशकात लाकूड आणि प्लॅस्टिक जाळून चित्रे केली. जर्मनीचे ओटो पीने यांची धूम्रचित्रेही क्लाइनच्या आधीची. बुर्री यांच्या चित्रांत जखमेची वेदना जाणवते. क्लाइनची आग मात्र जखम करीत नाही. जे तेथे होते आणि आता नाही, त्याची ती नोंद ठेवते.

विझण्याआधी

त्याच काळात क्लाइन आगीचा नेमका उलटा उपयोगही करीत होता. सोन्याच्या मोबदल्यात तो अदृश्य कलावकाश विकत असे. खरेदीदाराने पावती जाळावयाची आणि क्लाइनने निम्मे सोने नदीत टाकावयाचे, अशी रीत होती. २६ जानेवारी १९६२ रोजी इटालियन लेखक दिनो बुत्झाती यांनी सेन नदीच्या काठी अशी पावती जाळली. एका ठिकाणी आग पुरावा नष्ट करीत होती, तर दुसऱ्या ठिकाणी तीच पुरावा निर्माण करीत होती.

त्याच्या पाच दिवस आधी, २१ जानेवारीला क्लाइनचा विवाह जर्मन कलावती रोत्राउट उकर हिच्याशी थाटामाटात झाला होता. मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवात एका इटालियन चित्रपटाचा खेळ झाला. जगातील चमत्कारिक प्रथांचे प्रदर्शन मांडणाऱ्या या चित्रपटासाठी क्लाइनने मोठ्या विश्वासाने आपल्या देहठशांच्या प्रयोगाचे चित्रीकरण करू दिले होते. पडद्यावर मात्र त्याला विदूषक म्हणून उभे करण्यात आले. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. त्याच सुमारास त्याला हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यानंतर आणखी झटके येऊन ६ जून १९६२ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. ऑगस्टमध्ये त्याच्या मुलाचा जन्म झाला. मुलाचे नावही ईव्ह ठेवण्यात आले.

ज्याला विदूषक ठरविले गेले त्याच्या चित्रांकडे जगाने पुढे वेगळ्या नजरेने पाहिले. निळा व गुलाबी रंग, देहठसे, आग आणि पाणी एकत्र आणणारे त्याच्या अखेरच्या काळातील एक अग्निचित्र मे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहात ३ कोटी ६४ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. किमतीवरून कलेची थोरवी ठरत नाही. पण कानच्या प्रेक्षागृहात उडालेल्या खिल्लीच्या पार्श्वभूमीवर हा आकडा बोलका आहे.

ज्वालेने चित्र घडविण्याची ही ओढ केवळ युरोपची नव्हती. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले गुजरातचे चित्रकार जेराम पटेल यांनीही १९६० च्या दशकात ब्लोटॉर्चने प्लायवूड जाळून दमदार अमूर्त कलाकृती घडविल्या. त्यांची वाट स्वतंत्र होती आणि त्यांच्या आगीने लाकूड खोल कोरून काढले. क्लाइनची आग पुठ्ठ्याला जेमतेम स्पर्शून गेली.

आज संग्रहालयांच्या भिंतींवर क्लाइनची अग्निचित्रे काचेआड, नियंत्रित तापमानात जपली जातात. त्यांच्यावरील ज्वाला विझून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. पुठ्ठ्यावर टेकलेला देह तेथे नाही, पाणी केव्हाच वाळले, बर्नर हाती धरणारा चित्रकार तर वर्षभरातच गेला. तपकिरी कडांच्या आत मात्र ओलाव्याने वाचविलेली ती फिकट जागा अजून शाबूत आहे.